समच्छेद व अपूर्णांकी समीकरणे

समच्छेद व अपूर्णांकी समीकरणे : ज्या समीकरणात अव्यक्त राशी किंवा तिचे गुणक अपूर्णांकांच्या रूपात येतात, त्यास अपूर्णांकी समीकरण असे म्हणतात. असे समीकरण सोडविताना त्यातील सर्व पदांना प्रथम एकच छेद दिला जातो. या क्रियेस समच्छेद करणे किंवा समच्छेदीकरण म्हणतात. त्यानंतर दोन्ही पक्षांना तो सामाईक छेद सारखाच असल्यामुळे तो काढून टाकता येतो. या दुसऱ्या क्रियेस जुन्या भारतीय गणितात छेदगम अशी संज्ञा आहे. शालेय पुस्तकांतून या दोन क्रिया ‘सर्व पदांना छेदांच्या लसाविने गुणावे’ अशा एकाच नियमात सांगितल्या जातात. त्यामुळे त्यांची कारणे निरनिराळी आहेत व त्यांचा इतिहासही निरनिराळा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा राष्ट्रकूटांच्या राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील प्रदेशात, नवव्या शतकात गाठला गेला.

तत्त्व : अपूर्णांक हा एखाद्या एककाचा भाग असतो. एक तृतीयांश व एक चतुर्थांश यांची बेरीज एकदम करता येत नाही, कारण त्यांचे मोजमाप वेगवेगळ्या एककांत झालेले असते. दोन्हींना बाराव्या भागांत मोजले, की पहिला चार व दुसरा तीन असे पूर्णांक होतात आणि बेरीज सात बारांश येते. म्हणजे ज्या एककात सर्व भाग पूर्णांकी होतील असे लहान एकक शोधणे, हेच समच्छेदाचे मर्म होय. असे एकक एकच असते असे नाही. बारांशाऐवजी चोविसांश किंवा छत्तिसांश घेतले तरी उत्तर तेच येते; फक्त संख्या मोठ्या होतात. सर्वांत मोठे, म्हणजेच सर्वांत सोयीचे, एकक घ्यावयाचे असेल, तर छेदांचा लघुतम साधारण विभाज्य (लसावि) घ्यावा लागतो. लसावि घेणे हा श्रम वाचविण्याचा प्रश्न आहे, सत्यासत्याचा नव्हे.

छेदगमाचे कारण मात्र वेगळे आहे. दोन राशी समान असतील, तर त्यांना एकाच संख्येने गुणल्यावरही त्या समान राहतात, या तत्त्वावर तो आधारलेला आहे. म्हणून तो केवळ समीकरणातच करता येतो. क्ष/२ + क्ष/३ ही नुसती राशी ५क्ष/६ इतकी आहे. तिच्यातील ६ काढून टाकल्यास राशीच बदलते. याउलट क्ष/२ + क्ष/३ = १० असे समीकरण असेल, तर दोन्ही पक्षांना ६ ने गुणून ५क्ष = ६० व त्यावरून क्ष = १२ असे मिळते. विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा चुका समच्छेद व छेदगम यांतील हा भेद न समजल्यामुळे होतात.

प्राचीन रीती : ईजिप्तमध्ये इ. स. पू. सु. १६५० मध्ये आमेस या लेखकाने उतरविलेल्या ऱ्हाइंड पपायरसात अपूर्णांकी समीकरणे आढळतात. एक राशी व तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर ती राशी कोणती, असा त्यातील एक प्रश्न आहे. तेथे राशी ७ मानून एकूण ८ येतात. आणि १९ ला ८ ने भागून ७ ने गुणले म्हणजे १६ ५/८ हे उत्तर मिळते. राशी सोयीची मानून नंतर प्रमाण लावण्याच्या या रीतीत समच्छेद उघडपणे येत नाही, पण सात ही संख्या मानण्यामागे छेद नाहीसा करण्याचाच हेतू असतो. ईजिप्ती गणितात दोन तृतीयांशाचा अपवाद वगळता अंश एक असलेलेच अपूर्णांक लिहिले जात. त्यांच्या बेरजा पडताळताना लेखक अपूर्णांकांखाली तांबड्या शाईने साहाय्यक संख्या मांडीत. या संख्या एका सामाईक छेदातील अंशांचेच काम करतात.

बॅबिलोनियन लोकांनी निराळा मार्ग स्वीकारला. त्यांच्या षष्टिक पद्धतीत सर्व भाग साठांशांत व त्यांच्याही साठांशांत मांडले जात. साठ या संख्येस २, ३, ४, ५ व ६ या सर्वांनी भाग जात असल्यामुळे नेहमीच्या व्यवहारातील बहुतेक अपूर्णांकांना छेद आधीच ठरवून दिल्यासारखे होई. सातवा भाग मात्र या पद्धतीत नेमका मांडता येत नसे. छेद एकदाच कायमचा ठरविणे व प्रत्येक प्रश्नासाठी तो नव्याने शोधणे, हे दोन मार्ग पुढील सर्व इतिहासात बरोबरीने चाललेले दिसतात.

ग्रीसमध्ये यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांनी आपल्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या सातव्या खंडात दोन संख्यांचा लसावि काढण्याची रीत सिद्धतेसह दिली, परंतु तिचे विवेचन पूर्णांकांच्या सिद्धांताचा भाग म्हणून येते. चीनमधील गणिताचे नऊ अध्याय या ग्रंथात अपूर्णांकांच्या बेरजेसाठी अंश व छेद यांचा तिरकस गुणाकार आणि छेदांचा परस्पर गुणाकार सांगितला असून, इ. स. २६३ मध्ये ल्यू ह्वे यांनी लिहिलेल्या टीकेत त्यामागील कारणाची चर्चा आहे.

भारतीय परिभाषा : भारतात अपूर्णांकाला भिन्न, भाग किंवा कला आणि छेदाला हर, हार किंवा छेद असे शब्द वापरले जात. अंश वर व छेद खाली मांडीत, परंतु त्यांच्यामध्ये रेघ नसे. पूर्णांक असल्यास तो या दोहोंच्याही वर लिहीत. छेद सारखे करण्याच्या क्रियेस सवर्णन, म्हणजे समान वर्णाचे किंवा एकाच जातीचे करणे, असे सार्थ नाव होते. आर्यभटांच्या आर्यभटीय (४९९) या ग्रंथाच्या गणितपादात अंश व छेद यांस परस्परांच्या छेदांनी गुणून सवर्णत्व आणण्याचा नियम आहे. दोन्ही पक्षांत अव्यक्त राशी असलेले एकघाती समीकरण सोडविण्याचा नियमही त्याच पादात आला आहे. ब्रह्मगुप्तांनी ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) अपूर्णांकांचे परिकर्म व अव्यक्त राशींची समीकरणे या दोन्हींचे नियम अधिक विस्ताराने दिले. १८८१ मध्ये पेशावरजवळील बख्शाली या गावी भूर्जपत्रांवरील एक गणितविषयक हस्तलिखित सापडले. त्यातही अपूर्णांकांची अनेक उदाहरणे असून अव्यक्त राशीच्या जागी टिंब मांडलेले आहे. या हस्तलिखिताच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

महावीराचार्य व निरुद्ध : भारतीय ग्रंथकारांपैकी लसाविच्या साहाय्याने समच्छेद करण्याचा स्पष्ट नियम प्रथम महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रह (इ. स. सु. ८५०) या ग्रंथात आढळतो. महावीराचार्य जैन होते व त्यांच्या ग्रंथाच्या प्रारंभी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग (कार. सु. ८१४–७८) याची प्रशंसा आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट म्हणजे कर्नाटकाच्या कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यातील आजचे मालखेड होय. सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातील अक्कलकोट तालुक्याची पूर्व सीमा याच जिल्ह्यास भिडलेली असून, अक्कलकोट शहरापासून मालखेड सरळ रेषेत सु. ११० किमी. अंतरावर पूर्वेस, किंचित आग्नेयेकडे आहे. मराठी व कन्नड या दोन्ही भाषा ज्यात आजही बोलल्या जातात असा हा प्रदेश तेव्हा राष्ट्रकूट राज्याच्या मध्यभागी होता.

गणितसारसंग्रहातील कलासवर्ण-व्यवहार हे प्रकरण सर्वस्वी अपूर्णांकांना वाहिलेले आहे. त्यात भाग, प्रभाग, भागभाग, भागानुबंध, भागापवाह व भागमातृ अशा सहा जाती सांगितल्या आहेत. छेदांच्या लसाविला महावीराचार्यांनी निरुद्ध हे नाव दिले. छेदांचे सामाईक अवयव आणि त्या अवयवांनी छेदांस भागून आलेले भागाकार या सर्वांचा गुणाकार म्हणजे निरुद्ध होय, असा त्यांच्या नियमाचा आशय आहे. निरुद्धास प्रत्येक छेदाने भागावे व येणाऱ्या संख्येने त्या अपूर्णांकाचे अंश व छेद या दोहोंना गुणावे. म्हणजे सर्व छेद सारखे होतात.

या नियमाचा उपयोग त्याच ग्रंथाच्या प्रकीर्णक प्रकरणातील एका उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. एका स्तंभाचा आठवा भाग जमिनीत, तिसरा भाग पाण्यात व चौथा भाग शेवाळात असून उरलेले सात हात वर हवेत दिसतात; तर स्तंभाची लांबी किती? छेद ८, ३ व ४ आहेत. त्यांपैकी ८ व ४ यांचा सामाईक अवयव ४ होय. त्याने भागून २ व १ उरतात आणि ३ तसाच राहतो. म्हणून निरुद्ध ४ × २ × ३ × १ = २४ येतो. छेदांचा सरळ गुणाकार केला असता तो ९६ आला असता. चोविसांशांत तिन्ही भाग अनुक्रमे ३, ८ व ६ होतात. त्यांची बेरीज १७ असल्यामुळे ७ चोविसांश उरतात व ते सात हातांबरोबर आहेत. म्हणून स्तंभ २४ हात लांब आहे. आधुनिक रीतीने क्ष/८ + क्ष/३ + क्ष/४ + ७ = क्ष असे मांडून सर्व पदांना २४ ने गुणल्यास १७क्ष + १६८ = २४क्ष मिळते व क्ष = २४ हेच उत्तर येते.

महावीराचार्यांची प्रकीर्णकातील रीत मात्र अव्यक्तासाठी चिन्ह वापरीत नाही. सर्व भागांची बेरीज एकातून वजा करावी व दिसणाऱ्या राशीस त्या बाकीने भागावे, असा तिचा क्रम आहे. समच्छेदाचे काम येथे पूर्णपणे अंकगणिती आहे. समीकरणाचे दोन पक्ष समोरासमोर ठेवून छेद काढून टाकण्याची क्रिया तीत दिसत नाही. ती पाहण्यासाठी भास्कराचार्यांकडे वळावे लागते.

भास्कराचार्य व छेदगम : भास्कराचार्य (जन्म १११४) यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती व बीजगणित हे त्याचे गणितविषयक भाग होत. लीलावतीत समच्छेदाचे दोन पर्याय एकाच नियमात सांगितले आहेत. पहिल्यात अंश व छेद परस्परांच्या छेदांनी गुणावयाचे असतात. दुसऱ्यात प्रथम दोन्ही छेदांना सामाईक अवयवाने भाग देऊन, म्हणजे त्यांचे अपवर्तन करून, उरलेल्या संख्यांनी गुणावयाचे असते; हा पर्याय जाणत्यांसाठी सुचविलेला आहे. एक चतुर्दशांशातून एक त्रिषष्ट्यंश वजा करण्याचे त्यांचे उदाहरण मुद्दाम निवडलेले दिसते. पहिल्या रीतीने छेद ८८२ व उत्तर ४९/८८२ येते. दुसऱ्या रीतीने १४ व ६३ या दोहोंस ७ ने भागून २ व ९ मिळतात, सामाईक छेद १२६ होतो आणि उत्तर ७/१२६ येते. दोन्हींचे संक्षिप्त रूप १/१८ हेच आहे. दोन्ही मार्ग खरे असून दुसरा जवळचा आहे, एवढेच भास्कराचार्यांना सांगावयाचे आहे.

ज्या राशीला छेद नसेल तिचा छेद एक मानावा, असाही एक नियम लीलावतीत आहे. वरवर क्षुल्लक वाटणारा हा नियम महत्त्वाचा आहे; कारण अपूर्णांकी पदे तेवढी गुणून पूर्णांकी पद तसेच ठेवणे ही या प्रकारातील सर्वांत नेहमीची चूक होय. लीलावतीतील कमळांच्या उदाहरणात ती सहज घडते. कमळांच्या राशीचा तिसरा, पाचवा, सहावा व चौथा भाग निरनिराळ्या देवतांना वाहिल्यावर सहा कमळे गुरूसाठी उरतात. तर एकूण कमळे किती? क्ष/३ + क्ष/५ + क्ष/६ + क्ष/४ + ६ = क्ष यात छेदांचा लसावि ६० आहे (गुणाकार ३६० येतो). सर्व पदांना ६० ने गुणल्यास २०क्ष + १२क्ष + १०क्ष + १५क्ष + ३६० = ६०क्ष मिळते; त्यावरून ३क्ष = ३६० व क्ष = १२०. येथे ६ चे ३६० करावयाचे राहून गेल्यास कमळांची संख्या केवळ दोन येईल. लीलावतीत हे उदाहरण इष्टकर्माने, म्हणजे राशी सोयीची मानून, सोडविले आहे.

बीजगणित या भागात अव्यक्त राशीला यावत्तावत् असे नाव असून ‘या’ हे तिचे संक्षिप्त चिन्ह आहे. ज्ञात संख्येसाठी ‘रू’ (रूप) वापरला आहे. दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडले जातात. अपूर्णांक आल्यास पक्षांचे समच्छेदीकरण, मग छेदगम व शेवटी समशोधन, म्हणजे समान पदे दोन्हींकडून वजा करणे, असा ठराविक क्रम त्यात पुनःपुन्हा येतो. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा भाग कदंबावर व तिसरा भाग शिलींध्रावर गेला, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुटजावर गेले आणि एक उरला, हे त्यातील प्रसिद्ध उदाहरण आहे. पाचवा व तिसरा भाग यांतील अंतर दोन पंधरांश असल्यामुळे गेलेले भाग ३, ५ व ६ पंधरांश, म्हणजे एकूण चौदा पंधरांश होतात. एका पक्षी ‘या १४ रू १५’ व त्याखाली छेद १५, तर दुसऱ्या पक्षी ‘या १’ अशी मांडणी होते. समच्छेद करून छेद काढला म्हणजे ‘या १४ रू १५’ व ‘या १५ रू ०’ असे दोन पक्ष उरतात आणि भुंगे १५ आहेत हे तत्काळ कळते. दोन्ही बाजूंना एकच छेद आल्याशिवाय तो काढावयाचा नाही, ही शिस्त या मांडणीतच आहे. समच्छेदाला समीकरणाच्या रीतीत निश्चित स्थान मिळाले ते असे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे असलेल्या १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखावरून असे दिसते, की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केला होता. यादव राजा सिंघण याच्या काळातील हा लेख महाराष्ट्रातील गणिताध्यापनाचा एक महत्त्वाचा पुरावा होय.

अरब व यूरोपीय गणित : बगदादचे अल्-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात समीकरणे सोडविण्याच्या क्रियांना पद्धतशीर रूप दिले, त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दापासून बीजगणिताचे यूरोपीय भाषांतील नाव आले. अंश व छेद यांच्यामधील आडवी रेघ बाराव्या शतकात अरब जगताच्या पश्चिम भागात प्रचारात आली आणि लेओनार्दो फिबोनात्‌ची यांच्या १२०२ मधील ग्रंथातून ती यूरोपात पोहोचली. यूरोपीय अंकगणिताच्या पुस्तकांत छेदांचा गुणाकार घेण्याची रीत दीर्घकाळ टिकून होती. लसावि घेण्याची रीत तेथे सोळाव्या-सतराव्या शतकांत स्थिरावली. याच सुमारास फ्रांस्वा व्हिएत (१५९१) व रने देकार्त (१६३७) यांनी अक्षरचिन्हांचा वापर रूढ केला आणि अपूर्णांकी समीकरणाला आजचे रूप आले.

व्यवहारातील छेद : महाराष्ट्रातील हिशेबी व्यवहारात बॅबिलोनियन मार्गाप्रमाणे छेद आधीच ठरलेला असे. मोडी दप्तरांत पाव, निम्मे व पाऊण हे भाग संख्येपुढे एक, दोन व तीन उभ्या रेघा ओढून दाखवीत. गावठी शाळांतून मुले पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी (साडेतिनाचा पाढा) असे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत करीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे व पैशाच्या तीन पै असल्यामुळे एका रुपयात १९२ पै होत. निम्मा, पाव, अर्धपाव व सोळावा भाग आण्यांत पूर्णांकी येई. तिसरा भागही ५ आणे ४ पै असा नेमका निघे. पाचवा व सातवा भाग मात्र पैंतही पुरा होत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आल्यावर पाचवा भाग वीस पैसे असा सुटा झाला. परंतु तिसरा भाग व जुना आणा यांना शंभरात नेमके स्थान राहिले नाही. प्रत्येक नाणेपद्धती काही अपूर्णांकांना पूर्णांक बनविते व काहींना बाहेर ठेवते. ज्यांना ती बाहेर ठेवते त्यांच्यासाठी समच्छेदाचीच रीत योजावी लागते.

अक्कलकोट संस्थानाच्या सीमेवर असा प्रसंग नेहमीचा होता. १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत हे मराठी संस्थान उत्तर व पूर्व बाजूंनी निजामाच्या मुलखास लागून होते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात हाली सिक्का हा स्वतंत्र रुपया चालत असे, तर ब्रिटिश अंमलाखालील प्रदेशात कलदार रुपया चाले. विसाव्या शतकात सहा कलदार रुपयांबरोबर सात हाली रुपये असा त्यांचा दर होता. शंभर कलदार म्हणजे ११६ रु. १० आ. ८ पै हाली. सात हा छेद दोन्हींकडील सोळा आण्यांच्या हिशेबात बसत नाही, म्हणून सरहद्द ओलांडून होणाऱ्या देवघेवीत अपूर्णांक टाळता येत नसत. उदा., एखाद्याजवळील रुपयांपैकी एक तृतीयांश हाली व उरलेले कलदार असून त्या सर्वांची किंमत २०० कलदार भरते, तर त्याच्याजवळ एकूण किती नाणी आहेत? हाली नाण्यांची किंमत क्ष/३ च्या सहा सप्तमांश, म्हणजे २क्ष/७, व कलदार नाण्यांची २क्ष/३ आहे. म्हणून २क्ष/७ + २क्ष/३ = २००. छेदांचा लसावि २१; त्याने गुणल्यास ६क्ष + १४क्ष = ४,२०० व क्ष = २१०. पडताळा घेता ७० हाली नाण्यांचे ६० व कलदार १४० मिळून २०० होतात. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९५० च्या दशकात हाली चलन बंद झाले.

आधुनिक काळातील अभ्यास : लीलावतीचा जॉन टेलर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८१६ मध्ये मुंबईस प्रसिद्ध झाला, पुढील वर्षी लंडनमध्ये हेन्‍री टॉमस कोलब्रुक यांनी लीलावती व बीजगणित यांचे अनुवाद प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने इंग्रजी पुस्तकांच्या आधारे मराठी गणिताची पुस्तके तयार होऊ लागली. या पुस्तकांतून समच्छेदाची रीत नव्या शाळांत आली ती बहुतांशी यूरोपीय मांडणीत. पण छेद, समीकरण, बीजगणित हे शब्द जुन्या परंपरेतलेच राहिले. निरुद्ध व छेदगम या संज्ञा मात्र वापरातून गेल्या.

महावीराचार्यांचा ग्रंथ आधुनिक वाचकांपुढे त्या मानाने उशिरा आला. एम्. रंगाचार्य यांनी संपादित केलेली इंग्रजी अनुवादासह आवृत्ती १९१२ मध्ये मद्रास येथे निघाली. हिंदी अनुवादासह दुसरी आवृत्ती लक्ष्मीचंद्र जैन यांनी सिद्ध केली. ती १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. ज्या प्रदेशाच्या राजाचे नाव ग्रंथाच्या आरंभी आहे, त्याच प्रदेशात सु. अकराशे वर्षांनी हा ग्रंथ पुन्हा छापून निघाला.

मर्यादा : अव्यक्त राशी छेदात असेल तर छेदगम करताना विशेष दक्षता घ्यावी लागते. दोन्ही पक्षांना गुणण्याची संख्या शून्य नसली पाहिजे. परंतु छेदात अव्यक्त असल्यास ती शून्य आहे किंवा नाही हे आधी माहीत नसते. उदा., क्ष/(क्ष – ३) = ३/(क्ष – ३) + २ या समीकरणास क्ष – ३ ने गुणल्यास क्ष = ३ + २क्ष – ६, म्हणजे क्ष = ३ येते. ही किंमत मूळ समीकरणात ठेवल्यास छेद शून्य होतात व पदांना अर्थ राहत नाही. म्हणून या समीकरणाला उत्तरच नाही. अशा वेळी आलेले उत्तर मूळ समीकरणात ठेवून पाहणे हा केवळ पडताळा नसून रीतीचाच आवश्यक भाग ठरतो. छेदांत केवळ ज्ञात संख्या असतील तेव्हा ही अडचण उद्‌भवत नाही. स्तंभ, कमळे व भुंगे यांच्या वर दिलेल्या प्रश्नांत तसेच छेद असल्यामुळे तेथे छेदगम निर्वेध आहे.

समच्छेदाने निरनिराळ्या भागांना एक एकक मिळते व छेदगमाने ते एकक बाजूला ठेवून पूर्णांकांत काम करता येते. पहिल्या क्रियेतील श्रम वाचविण्याचा उपाय महावीराचार्यांच्या निरुद्धात आहे, तर दुसरीचे स्थान भास्कराचार्यांच्या समीकरणातील दोन पक्षांच्या मांडणीत दिसते. आजच्या शालेय नियमात या दोन्ही क्रिया एकत्र आल्या आहेत. त्या सुट्या करून पाहिल्या, म्हणजे लसावि का घ्यावयाचा, छेद केव्हा काढता येतो आणि केव्हा काढता येत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्पष्ट होतात.